‘साक्ष: एक भगिनी’

प्रश्न: गेली चौदा वर्षं मी आमच्या मंडळीत संडे स्कूल घेते. मागच्या वर्षी पाळकांनी मला तीनदा रविवारच्या उपासनेत बोलायला उभं केलं. शेवटच्या खेपेला मी जुन्या करारातला हबक्कूक संदेष्टा घेतला होता, लोकांना आवडला. आता उपवासकाळातले सलग चार रविवार मीच घ्यावेत असं ते म्हणतात. पण मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळापैकी एकांचा कडक विरोध आहे. “बाईनं उपदेश करायचा नाही, पौलानं स्वच्छ लिहून ठेवलंय,” असं ते सभेत बोलले, आणि हबक्कूकाच्या दिवशी मी उभी राहताच उठून बाहेर गेले. वयानं, मानानं मोठा माणूस. मला रात्रभर झोप लागली नाही. पाळक मात्र फार समजूतदार आहेत. कुणाचं मन दुखू नये म्हणून उपासनेच्या पत्रिकेत ते माझ्या बोलण्याला ‘साक्ष’ म्हणतात आणि नाव न घालता ‘एक भगिनी’ एवढंच छापतात. मला त्याचं काही नाही, नावाची हौस कुणाला आहे? माझा प्रश्न एवढाच, की पहिल्या तीमथ्यातलं ‘बाईनं शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये’ हे पौलाचं वचन मी मोडतेय का? की त्या वडिलांच्या घरी जाऊन त्यांची समजूत घालू? पत्रिका शुक्रवारी छापायला जाते, त्याआधी होय-नाही कळवायचंय.
– संभ्रमात पडलेली

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात त्या वडिलांचा राग आला. दुसऱ्यांदा ‘मला त्याचं काही नाही’पाशी अडकले, आणि राग दुसरीकडे वळला. थोडा पाळकांकडे, बराचसा तुमच्याकडे.

साक्ष म्हणजे काय, हे तुम्ही चौदा वर्षं पोरांना शिकवत आला असाल. माझ्या बाबतीत प्रभूनं काय केलं ते उभं राहून सांगायचं. मी आजारातून उठले, भावाची दारू सुटली, गेलेली नोकरी परत मिळाली. दोन-पाच मिनिटं, डोळ्यांत पाणी, आमेन. तुम्ही हबक्कूक घेतलात. बाबेलचे खास्दी चाल करून येताहेत, संदेष्टा बुरुजावर उभा राहून देवाला जाब विचारतोय. यातलं तुमच्या घरी काय घडलं होतं? तुम्ही वचन उघडलंत, त्याचा अर्थ लावलात आणि तो समोर बसलेल्यांच्या आयुष्याला भिडवलात. याला उपदेश म्हणतात. तुमच्या अख्ख्या पत्रात त्याला उपदेश म्हणणारा माणूस एकच आहे, आणि तो म्हणजे उठून गेलेले ते वडील.

ते चुकत असतील. माझ्या मते चुकतातच. पण तुम्ही काय करता हे त्यांनी नीट ओळखलं, त्याला त्याच्या नावानं हाक मारली आणि नको म्हणून पायांनी सांगितलं. तुमचे समजूतदार पाळक काय करतात? काम तुमच्याकडून पुरेपूर करून घेतात आणि पावती भलत्याच नावानं फाडतात. उद्या वरून कुणी विचारलं, तर ‘छे, बाईंनी उपदेश कुठे केला? साक्ष दिली,’ म्हणायला ते मोकळे. समजूतदारपणा म्हणता तो हाच का?

ही युक्ती त्यांनी शोधलेली नाही, फार जुनी आहे. इंग्लंडात सॅरा क्रॉसबी नावाची एक बाई मेथडिस्ट पंथाच्या मंडळ्यांत वर्ग घ्यायची. १७६१ मध्ये डर्बीला तिला तीसेक माणसांची अपेक्षा होती, आली दोनशेच्या आसपास. एवढ्यांशी एकेकट्यानं बोलणं अशक्य, म्हणून ती सगळ्यांपुढे उभी राहून बोलली. मग पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याला पत्र, की हे चालेल का? वेस्ली भला माणूस, तिला थांबवलं नाही. पण १७६९ च्या पत्रात त्यानं तिला काय सल्ला दिला ते ऐका. प्रार्थनेच्या मध्ये थोडंथोडं बोधाचं बोलावं, पण ज्याला उपदेश म्हणतात त्यापासून शक्य तितकं लांब राहावं. म्हणून वचन निवडून त्यावर बोलू नये, आणि चार-पाच मिनिटांनी खंड पाडावा. लोकांना सांगावं, की पुढची प्रार्थनासभा अमुक दिवशी आहे. प्रार्थनासभा! बाई तीच, श्रोते तेच, मधेमधे श्वास घेतला की तो उपदेश नव्हे.

दोन वर्षांनी, १७७१ मध्ये, तशीच बोलणाऱ्या मेरी बोझंकेट हिला लिहिताना मात्र त्यानं मान्य केलं, की काही बायांना असाधारण पाचारण असतं. तेही पत्रातच राहिलं, नियमात आलं नाही. वेस्ली १७९१ साली वारला. १८०३ च्या मेथडिस्ट परिषदेनं ठरवून टाकलं, की बायांनी सहसा उपदेश करू नये. कारणं दोन दिली: बहुसंख्य लोकांना ते नको आहे आणि उपदेशक पुरेसे आहेत. एखादीला फारच असाधारण पाचारण असेल तर तिनं बायांपुढेच बोलावं. चाळीस वर्षांचं काम असं एका ठरावात गुंडाळलं गेलं. पाळकांच्या भलेपणावर चाललेलं काम पाळक बदलला की बंद पडतं, ताई. तुमचे पाळक काही जन्मभर तिथे नाहीत.

आता तुम्ही विचारलेलं वचन. पहिलं तीमथ्य, अध्याय २, ओवी १२. तिथे ‘अधिकार चालवणे’ म्हणून जो ग्रीक शब्द आहे, तो अख्ख्या नव्या करारात तिथेच एकदा येतो. त्याचा अर्थ साधा अधिकार की दंडेली, यावर पंडित अजून भांडताहेत. तुमचं-माझं वजन त्या भांडणात टाकून निकाल लागणार नाही. मला मात्र पहिल्या करिंथकरातला अकरावा अध्याय पुरतो. तिथे हाच पौल सांगतो, की प्रार्थना करताना किंवा संदेश देताना बाईनं डोकं झाकावं. जिनं तोंड उघडायचंच नाही, तिनं बोलताना डोक्यावर काय घ्यावं याचे नियम कोण घालून देतं? एवढं बोलून मी हा विषय सोडते, कारण तुमचं दुखणं तीमथ्यात नाही.

ते शब्दांच्या अदलाबदलीत आहे, आणि ती तुमच्या पत्रिकेपेक्षा कितीतरी जुनी आहे. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय काढा. पहिल्याच ओवीत फिबी आहे, ‘मंडळीची सेविका’. तिथला मूळ ग्रीक शब्द ‘दियाकोनोस’. हाच शब्द पौल स्वतःसाठी आणि आपला सहकारी अपुल्लोस याच्यासाठी वापरतो. पुरुषांच्या बाबतीत इंग्रजी भाषांतरकारांना ‘मिनिस्टर’ सुचलं. फिबीपाशी आले आणि ‘सर्व्हंट’ झालं. मग सातवी ओवी. अंद्रोनिक आणि युनिया, प्रेषितांमध्ये नामांकित. चौथ्या शतकातला धर्मगुरू ख्रिसोस्तम म्हणतो, की काय ह्या बाईचं शहाणपण, प्रेषित म्हणवून घ्यायला पात्र ठरली! त्याला ती बाई असण्यात काही वावगं दिसलं नाही. पुढे विद्वानांना दिसलं. प्रेषित असेल तर पुरुषच असणार, म्हणून युनियाचा ‘युनियास’ झाला. या नावाचा पुरुष त्या काळच्या लेखांत कुठे सापडत नाही. युनिया नावाच्या बाया मात्र रोमच्या शिलालेखांत शेकड्यांनी आहेत. अभ्यासक ज्यावरून काम करतात त्या नव्या कराराच्या नेस्ले ग्रीक आवृत्तीत १९२७ साली हा पुरुष शिरला आणि १९९८ च्या छपाईत बाहेर पडला. त्या ओवीत ग्रीकमध्ये दोन्ही नावांत फरक फक्त एका स्वरचिन्हाचा, त्याची ही करामत. एकाहत्तर वर्षं एक बाई मिशा लावून उभी होती.

तिला निदान चुकीचं का होईना, नाव होतं. तुमच्या मंडळीच्या फायलीत या पत्रिका साठत असतील. पुढे कधी कुणी ती फाईल काढून बसेल, की या वेदीवरून वचन कुणी कुणी सांगितलं. पाळक, पाळक, पाहुणे पाळक, पाळक. मधे तीन ठिकाणी ‘साक्ष: एक भगिनी’. तिघी वेगवेगळ्या होत्या की एकच, हेसुद्धा त्याला कळणार नाही. हबक्कूकाचा तर तिथे पत्ताच नसेल.

तेव्हा ‘नावाची हौस कुणाला आहे’ हे मला ऐकवू नका. हौस नसणं चांगलंच. पण उपदेश करायचा आणि केला नाही असं छापू द्यायचं, ही नम्रता नाही. तुमच्या वर्गातल्या एखाद्या पोरानं असं केलं असतं तर तुम्ही त्याचा कान धरला असता.

तुमच्या मंडळीच्या वरच्या संस्थेचा बायांना लेखी मज्जाव असता, तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. रोमन कॅथलिक चर्चची भूमिका पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९४ मध्ये पत्र काढून सांगितली, की बायांना याजकदीक्षा नाही. मला ती पटत नाही, पण कुठे उभं राहायचं ते तिथल्या बाईला ठाऊक असतं. तुमच्याकडे असा नियम असता, तर वडीलमंडळातल्या त्या वडिलांनी पौलाआधी तोच सभेत वाचून दाखवला असता. मला तरी तुमच्या पत्रात नियम कुठे दिसला नाही. दिसतो तो एक नाराज माणूस आणि त्याला घाबरलेला दुसरा.

त्या वडिलांच्या घरी अजिबात जाऊ नका. त्यांच्याशी बोलणं हे पाळकांचं काम आहे, आणि तेच चुकवण्यासाठी त्यांनी ‘साक्ष’ हा शब्द शोधलाय. तुम्ही समजूत घालायला गेलात, की ते काम आयतं तुमच्या गळ्यात पडेल, चहाच्या कपासकट.

फोन पाळकांना करा. म्हणा, “चारही रविवार घेते. पत्रिकेत ‘उपदेश’ छापा आणि पुढे माझं पूर्ण नाव घाला. ते जमत नसेल तर चारही रविवार तुम्हीच घ्या.” ते म्हणतील, शब्दात काय आहे? तुम्ही म्हणा, काहीच नसेल तर बदला. ते म्हणतील, मंडळीत फूट पडेल, जरा वेळ द्या. तीन रविवार दिलात तेवढा वेळ पुष्कळ झाला. आवाज चढवू नका, रडू नका, आणि ‘तुम्हाला योग्य वाटेल तसं’ हे चार शब्द तर चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका.

पत्रिका शुक्रवारी छापायला जाते म्हणता. मग फोन गुरुवारी सकाळी.