होडीच्या आउटबोर्ड इंजिनच्या गिअरकेसमधून (पाण्याखालची गिअरची पेटी) ऑइल गळतंय आणि आतलं ऑइल दुधाळ झालंय. घरी दुरुस्त करता येईल का?

येईल. पण सील (शाफ्टभोवतीच्या रबरी कड्या) विकत आणायच्या आधी गळती कुठून आहे ते शोधा. मी पहिल्या खेपेला ते केलं नाही. पंख्याजवळ (प्रोपेलर) ओघळ दिसला म्हणून शाफ्टची दोन्ही सील बदलली आणि पुढच्याच फेरीनंतर ऑइल पुन्हा ताकासारखं. चोर निघाला खालच्या ड्रेन स्क्रूचा (ऑइल काढायचा स्क्रू) चेपलेला वॉशर! तेल तिथून निघून मागे ओघळत होतं.

नुसतं ऑइल भरत राहून भागणार नाही. चालून तापलेली गिअरकेस पाण्यात गार झाली की आतली हवा आकसते आणि फटीतून पाणी आत ओढलं जातं. मग बेअरिंगना गंज चढतो.

आधी स्पार्क प्लगच्या वायरी काढा, कारण पंखा हाताने फिरवायचा आहे आणि तेव्हा इंजिन चुकून सुरू व्हायला नको. गिअरकेसचे वरचा आणि खालचा असे दोन्ही स्क्रू काढून ऑइल भांड्यात घ्या. ड्रेन स्क्रूला चुंबक असेल तर त्यावरची राखाडी लुगदी चालते. कपच्या किंवा दाताचे तुकडे दिसले तर मात्र गिअरच गेलेत. पुढचं काम जाणकाराकडे द्या.

आता खालचा स्क्रू नवा वॉशर घालून बंद करा आणि वरच्या भोकाला गेजवाला हातपंप जोडा. हवेचा दाब आधी ४-५ पीएसआय द्या, मग साधारण १०. त्याहून जास्त मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तरच. साबणाचं पाणी लावा आणि शाफ्ट सावकाश फिरवत बुडबुडे कुठे येतात ते बघा. काही सील स्थिर असताना धरतात आणि फिरवलं की सोडतात.

बुडबुडे पंख्यामागे आले तर पंखा काढा. तिथे बहुतेक वेळा गरीचा तंगूस गुंडाळलेला सापडतो. तो सीलची धार कापतो. सील काढण्याआधी त्यांच्या तोंडांच्या दिशेचा फोटो काढा. दोन सील असतात आणि दिशा चुकली की नवी सीलही गळतात. बेअरिंग कॅरिअर (ही सील ज्यात बसतात तो भाग) काढलंच आहे तर त्याची ओ-रिंगही बदला. खाऱ्या पाण्यातलं कॅरिअर अडकून बसलेलं असतं. हातोडीने ठोकू नका, हीट गनने केस गरम करून पुलरने ओढा.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. जुनं सील जिथे बसत होतं तिथे शाफ्टवर नख फिरवा. नख अडकलं तर खाच पडलीय, आणि त्या खाचेवर कितीही नवं सील बसवा, गळणारच. त्यावर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवतात, नाहीतर शाफ्ट बदलतात.

गळती वरच्या ड्राइव्ह शाफ्टच्या सीलमधून असेल तर ते वॉटर पंपाच्या खाली असतं. गिअरचा रॉड सोडवून अख्खं युनिट उतरवावं लागतं. एवढा खटाटोप केलाच तर इम्पेलरही (वॉटर पंपातला रबरी पंखा) नवा टाका.

ऑइल नेहमी खालच्या भोकातून भरा, वरून बाहेर येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू लावा, नंतर खालचा. म्हणजे आत हवा अडकत नाही.

पहिल्या फेरीनंतर इंजिन रात्रभर उभं ठेवा. सकाळी खालचा स्क्रू जरासा सैल करा. पाणी शिरलं असेल तर ते तळाशी बसतं, म्हणून आधी तेच बाहेर येईल. नुसतं स्वच्छ ऑइल आलं तर स्क्रू घट्ट करा आणि होडी काढा.