रेडॉनचा दावा: वर्ष दसऱ्यापासून नव्हे, चावीपासून मोजा

शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून एका वाचकाने विचारलंय. गेल्या १४ जुलैला घराचं क्लोजिंग (खरेदीचा शेवटचा व्यवहार) झालं, चाव्या त्याच दिवशी मिळाल्या. फरशी, रंग उरकून मंडळी दसऱ्याला राहायला गेली. जानेवारीत बेसमेंटची टेस्ट केली, तर रेडॉन, म्हणजे जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू, ९.६ पिकोक्युरी (किरणोत्सार मोजण्याचं एकक) प्रति लिटर. मग फर्नेसमागे आधीच्या मालकाच्या नावाचा जुना अहवाल सापडला, त्यात ८.१! विकताना घरातले दोष सांगायच्या फॉर्मवर मात्र 'माहिती नाही' अशी खूण. "दाव्याला दसऱ्यापर्यंत वेळ आहे ना?"

नाही. इलिनॉयच्या रेसिडेन्शियल रिअल प्रॉपर्टी डिस्क्लोजर अ‍ॅक्टखाली, म्हणजे विक्रेत्याला घरातले दोष उघड करायला लावणाऱ्या कायद्याखाली, दावा एका वर्षात लावावा लागतो. हे वर्ष ताबा, राहायला येणं आणि खरेदीखताची नोंदणी या तिघांतल्या सर्वांत आधीच्या तारखेपासून धावतं. तुमचा ताबा १४ जुलैचा. अहवाल हाती कधी लागला, याला या कलमात जागा नाही. असे प्रश्न माझ्याकडे वारंवार येतात आणि प्रत्येकाला आपलं वर्ष गृहप्रवेशापासून मोजायचं असतं.

जानेवारी ते मे तुम्ही रिअल्टरमार्फत (घराच्या दलालामार्फत) गोड भाषेत ईमेल पाठवत बसलात. "मुलाशी बोलून ऑगस्टमध्ये कळवतो," हे विक्रेत्याचं उत्तर तुम्हाला सौजन्य वाटलं, मला तारखेचं गणित दिसतं. ईमेलने मुदत थांबत नाही, वकिलाच्या नोटिशीनेही नाही. ती वाढवून देणारा करार विक्रेत्याने सही करून दिला तर वेगळी गोष्ट, पण त्याच्या भरवशावर जुलै उजाडू देऊ नका. कोर्ट निकालाला किती महिने लावेल ते लावो, तुमचा अर्ज आधी दाखल झालेला हवा.

बोली चढत होती म्हणून इन्स्पेक्शनमधली रेडॉन टेस्ट तुम्हीच सोडलीत. तेव्हा हेच आकडे हाती असते, तर दुरुस्ती विक्रेत्याकडून मागता आली असती. आता तेही दावा जिंकून मागायचं.

दावा कितपत टिकेल? विक्रेत्याला टेस्ट करण्याची सक्ती नसते, पण जास्त रेडॉनचा अहवाल जवळ असेल तर तो द्यावा लागतो. 'माहिती' म्हणजे प्रत्यक्ष माहिती. अहवाल त्यांच्याच नावाचा, म्हणून बाजू बरी दिसते. तरी तो त्यांनी पाहिलाच नव्हता असं ते म्हणू शकतात, आणि न्यायाधीशांना ते पटेल की नाही, मी सांगू शकत नाही. फसवणुकीच्या सर्वसाधारण दाव्याला पाच वर्षं असतात, पण तिथे हेतू सिद्ध करावा लागतो. वकिलाची फी देववण्याचा अधिकार या कायद्यात कोर्टाला आहे. ती जिंकणाऱ्याला मिळते, म्हणजे हरलात तर तुमच्याही अंगावर येऊ शकते.

रक्कम दहा हजार डॉलरच्या आत असेल तर स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात जा. फरशीखालची हवा ओढून छताबाहेर सोडणारा पाइप आणि पंखा बसवण्याचा खर्च सहसा त्यात बसतो.

ईपीए ही अमेरिकेची पर्यावरण संस्था ४ पिकोक्युरीला दुरुस्ती करायला सांगते, तुम्ही दुपटीच्या वर आहात. तेव्हा पंखा निकालासाठी अडवून ठेवू नका. आधी परवानाधारकाकडून टेस्ट करून घ्या, बारा तास आधीपासून खिडक्या-दारं बंद ठेवून. मग पंखा बसवा, पावती जपा. आणि तो जुना अहवाल मूळ कागदासह ठेवा, फोनमध्ये फोटो काढून टाकून देऊ नका.