आधी मिरज, मग नीट

सप्रेम नमस्कार,

विट्याहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगी बारावी सायन्सला, क्लाससाठी सांगलीत हॉस्टेलवर. आठवीपासून फिट येतात. दोन महिन्यांपूर्वी मिरजेच्या डॉक्टरांनी फिटची जुनी गोळी, व्हॅल्प्रोएट, कमी करत लेव्हेटिरासिटाम ही नवी गोळी सुरू केली. तेव्हापासून चिडचिड वाढली, मार्क घसरले. नीट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा होईपर्यंत गोळ्या बंद ठेवल्या तर चालेल का, असं तुम्ही विचारता.

अजिबात चालणार नाही. गोळी एकदम तोडली तर फिटवर फिट येऊन जिवावर बेतू शकतं.

तुमच्या पत्रात प्रत्येक टेस्टचे मार्क आहेत, पण शेवटची फिट कधी आली ते कुठेच नाही. आणि हे वाक्य आहे : 'आईवर डबा फेकला, मग तासभर रडत बसली, मी दोन लगावल्या.' दादा, पोरीवर हात उचलू नका. लेव्हेटिरासिटामने काहींना राग आवरत नाही, उदास वाटतं. बदलाच्या काळात दोन्ही औषधं एकदम पोटात जातात, म्हणून झोपही येते. तुम्ही ज्याला माज म्हणताय, तो बहुधा गोळीचा परिणाम आहे. डॉक्टरांना सांगितलंत तर ते डोस बदलतील, नाहीतर औषध. 'जगून काय करू' असं काही ती बोलली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जुनी गोळी मात्र स्वतःच्या मनाने परत चालू करू नका. व्हॅल्प्रोएटने पुढे गरोदरपणात बाळाला धोका असतो, म्हणून या वयाच्या मुलींना डॉक्टर ती शक्यतो टाळतात.

'फिटच्या गोळ्यांनी डोकं मंद होतं, कसली डॉक्टर होतेय' असंही लिहिलंय. हे डोक्यातून काढा. टोपिरामेटसारख्या काही औषधांनी शब्द पटकन आठवत नाहीत, हे खरं. पण त्यावर डोस आणि पर्याय असतात. फिट आटोक्यात नसणं अभ्यासाला जास्त मारक आहे. सैन्य, विमान चालवणं, ड्रायव्हिंगची नोकरी ही दारं बंद आहेत. बाकी बरीच उघडी आहेत.

नीट पुढच्या वर्षीही देता येते, सीईटी आहे, बी.फार्म. आहे, बीएस्सी आहे. यावर आत्ता डोकं शिणवू नका.

हॉस्टेलवर रात्री दोनपर्यंत जागरण चालतं म्हणे. ते आजपासून बंद. अपुऱ्या झोपेने फिट येते. एक वही करा : गोळी किती वाजता घेतली, झोप किती झाली, चिडचिड कधी झाली, फिट आली का. ती घेऊन याच आठवड्यात मिरजेला जा. तिथे तिला बोलू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका. गोळ्यांचं मार्गी लागलं की तिला घेऊन माझ्याकडे या.