डब्यावरचं नाव आणि आतली चिप

गणपती झाले, पाऊस काही हटत नाही आणि माझ्या टेबलावर नेटवर्कच्या तक्रारी साचल्यात. बहुतेक पत्रांत एकच वाक्य: ‘ड्रायव्हर टाकला तरी चालत नाही.’ ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचा एखादा भाग चालवणारा प्रोग्राम, आमच्या धंद्यातला घरचा नोकर झालाय. काहीही हरवलं की आधी संशय त्याच्यावर. यातली चार पत्रं घेते. दोघांत तो खरंच सापडला, बाकीच्यांचं पुढे बघू.

ताई, लॅपटॉपचं वाय-फाय गेलं म्हणून लॅमिंग्टन रोडवरून यूएसबीचा वाय-फाय डोंगल आणला. मुलाने लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू २२.०४ (लिनक्सची एक जात) टाकलंय. डोंगल लावला की वाय-फाय येत नाही, एक सीडी ड्राइव्ह दिसते! दुकानदार म्हणतो, विंडोज टाका. मला डुप्लिकेट माल दिला का?
– एक वाचक, लालबाग

माल डुप्लिकेट नाही, बहुरूपी आहे. अशा डोंगलच्या पोटात विंडोजच्या ड्रायव्हरची एक प्रत भरलेली असते. लावल्याबरोबर तो ‘मी सीडी ड्राइव्ह’ म्हणून पुढे येतो. विंडोज त्या सीडीवरून ड्रायव्हर उचलतं, आणि ड्रायव्हर बसला की डोंगलला हुकूम सुटतो: सीडी बाहेर काढ. मग तो सोंग उतरवतो आणि वाय-फाय होतो. तुमच्या लॅपटॉपवर हा हुकूम कोणी सोडलेला नाही, म्हणून बिचारा अजून सीडी होऊन बसलाय.

मुलाला टर्मिनल उघडून ‘एलएसयूएसबी’ (lsusb) ही आज्ञा चालवायला सांगा. यूएसबीला लावलेली प्रत्येक वस्तू स्वतःचे दोन क्रमांक सांगते, एक बनवणाऱ्याचा आणि एक वस्तूचा. ०बीडीए म्हणजे रिअलटेक. त्याच्यापुढे १ए२बी दिसलं तर सोंग चालू आहे असं समजा. फाईल मॅनेजरमध्ये त्या सीडीवर राइट क्लिक करून ‘इजेक्ट’ करा आणि परत एलएसयूएसबी चालवा. आता १ए२बी जाऊन दुसरं काही यायला हवं, समजा सी८११. रोज हाताने इजेक्ट करायचा कंटाळा आला तर ‘यूएसबी-मोडस्विच’ नावाचं पॅकेज हेच काम आपणहून करतं.

सी८११ आलं आणि वाय-फायची यादी तरीही कोरी, असं झालं तर मात्र कर्नलचं, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचं, वय बघायचं. ती ८८११सीयू जातीची चिप. तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये आला ६.२ या आवृत्तीत, २०२३ च्या सुरुवातीला. उबुंटू २२.०४ निघालं ५.१५ घेऊन. म्हणजे तुमच्या घरात चिप आली, पण तिची भाषा येणारं माणूस घरात नाही. २२.०४ साठी ६.८ कर्नल अधिकृतपणे मिळतो, तो चढवा. इंटरनेटवर शोधून कुठल्यातरी अनोळखी माणसाने ठेवलेला ड्रायव्हर स्वतः जुळवून बसवायचा उद्योग करू नका. तो आज चालतो, पुढच्या अपडेटला कर्नल बदलला की मोडतो, आणि मग तुम्ही पुन्हा मला पत्र लिहिता.

आता तुम्ही म्हणाल, नेटच नाही तर कर्नल आणू कुठून? फोन केबलने लॅपटॉपला लावा आणि फोनवर ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. फोनशी असं बोलणारे ड्रायव्हर कर्नलमध्ये कित्येक वर्षांपासून आहेत, ते आपोआप जागे होतात. या एका युक्तीवर माझी निम्मी दुकानदारी चालते.

आणि पुढच्या वेळी डब्यावरचं नाव वाचून डोंगल घेऊ नका. माझ्या खणात एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन डोंगल आहेत. रंग तोच, डबा तोच, किंमत तीच. पाठीवर तीळभर अक्षरांत एकावर आवृत्ती २ लिहिलंय, दुसऱ्यावर ३. एकात रिअलटेक, दुसऱ्यात मीडियाटेक. ड्रायव्हर कंपनीला ओळखत नाही, तो चिप ओळखतो. काउंटरवर ‘आत चिप कुठली?’ एवढंच विचारा. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू द्या. एमटी७६१२यू असं उत्तर आलं तर डोळे मिटून घ्या, तिचा ड्रायव्हर २०१८ पासून कर्नलमध्येच आहे.

कर्नल हा शब्द तुमच्या सदरात सारखा येतो. आम्हाला कर्नल म्हणजे लष्करातले माहीत! हा कर्नल कोण, आणि एका ड्रायव्हरच्या चुकीने आख्खा कॉम्प्युटर निळा का पडतो?
– एक निवृत्त बँक कर्मचारी, विलेपार्ले

काका, मराठीत दोघांचं स्पेलिंग एकच झालं ही आपल्या लिपीची गंमत. इंग्रजीत ते दोन वेगळे शब्द आहेत. हा कर्नल म्हणजे बदाम फोडल्यावर निघतो तो गर. मेमरी, डिस्क, कीबोर्ड, नेटवर्क, सगळ्याचा ताबा या गराकडे. तुमचा ब्राउझर, तुमचं पासबुक छापणारा प्रोग्राम, हे बाहेरच्या कवचात राहतात. त्यांना काही हवं असलं की कर्नलकडे अर्ज करायचा. बँकेत होतात म्हणून सांगते: ग्राहक काउंटरच्या बाहेर, कर्नल आत.

ड्रायव्हरला मात्र आत बसवावं लागतं, कारण त्याचा थेट यंत्राशी संबंध. कर्नल त्याला मोजकीच कामं सांगतो. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर घ्या. कार्ड सुरू कर, कार्ड बंद कर, हे पाकीट (म्हणजे माहितीचा तुकडा) पाठव, अशा कामांचा एक तक्ता तो भरून देतो, आणि कर्नल वेळ येईल तशी त्यातली कामं करून घेतो. पाकिटात बँकेचा व्यवहार आहे की नातवाचा फोटो, याची ड्रायव्हरला गंधवार्ता नसते. ते वरच्या थरांचं काम.

पण आत बसला म्हणजे किल्ल्यांचा जुडगा त्याच्याही हाताशी आला. बाहेरचा प्रोग्राम चुकला तर कर्नल त्याला उचलून बाहेर टाकतो. आतलाच चुकला तर कोण कोणाला बाहेर टाकणार? कुठली मेमरी बिघडली हेही नक्की सांगता येत नाही, मग चुकीचे आकडे डिस्कवर लिहिण्यापेक्षा यंत्रणा जागच्या जागी थांबते. तीच तुमची निळी पाटी. १९ जुलै २०२४ आठवतो? विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटत होते. एका सुरक्षा सॉफ्टवेअरचा कर्नलमध्ये बसणारा ड्रायव्हर होता, त्याने सदोष माहितीची फाईल वाचली आणि मायक्रोसॉफ्टच्या हिशेबाने ८५ लाख विंडोज यंत्रं आडवी झाली. तो ड्रायव्हर कुठल्या कार्डाचा वगैरे नव्हताच. आत बसायची परवानगी होती, तेवढी पुरली.

घरात इंटरनेट ३०० चं आहे. फोनवर वाय-फायने २८० येतं, पण पीसीला केबल लावली की ९४ च्या वर हलत नाही. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर तीन वेळा काढून टाकला.
– एक वाचक, वरळी कोळीवाडा

९४ वाचलं आणि पुढचं पत्र वाचायची गरज उरली नाही. केबल बदला.

१०० मेगाबिटच्या जोडणीवर पत्ते, शिक्के, दोन पाकिटांमधली मोकळी जागा वजा जाता हातात साधारण ९४ उरतात. म्हणजे कार्ड आणि राउटर १०० वर समेट करून बसलेत. गिगाबिटला, म्हणजे १००० मेगाबिटला, केबलमधल्या चारही जोड्या, आठच्या आठ तारा लागतात. १०० मेगाबिट दोन जोड्यांवर भागवतं. एखादी तार तुटली किंवा टोक खराब झालं, की बरीच कार्डं कुरकुर न करता खाली उतरतात. ड्रायव्हर बिचारा जी जोडणी मिळाली ती प्रामाणिकपणे चालवतोय.

तुमच्याकडे तर समुद्र दारात. खारी हवा, वर पावसाळा. प्लग काढून उजेडात धरा, आतल्या पिवळ्या पट्ट्यांवर हिरवट काही दिसलं तर तेच कारण. गेल्याच महिन्यात माहीमच्या एका गिऱ्हाइकाकडे असा प्लग निघाला, नखाने खरवडला तर हिरवी भुकटी पडली. टोक कापून नवीन प्लग क्रिम्प केला आणि दहा मिनिटांत काम उरकलं. त्यांनी त्याआधी नवीन मदरबोर्ड घेतला होता. मी काही बोलले नाही.

मॅडम, मी माटुंग्याला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कार्डात पाकीट आलं की इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला हाक, येतो असं शिकवलं. मग लिनक्समध्ये ‘नापी’ नावाची पोलिंगची, म्हणजे आपणच जाऊन डोकावून बघायची, पद्धत आहे ती कशाला? पोलिंग तर जुनी आणि वाईट ना? आणि ड्रायव्हर वाचायला सुरुवात कुठून करू?
– एक विद्यार्थी, माटुंगा

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आवडलं म्हणून.

आधी इंटरप्टबद्दल. १९९६ साली मी फोर्टमधल्या एका ऑफिसात होते, टेबलाखाली रांगण्याची नोकरी. एनई२००० या गाजलेल्या कार्डाच्या नकला असलेली नेटवर्क कार्डं होती. इंटरप्टची लाइन कार्डावरच्या जंपरने ठरवायची, टिकलीएवढं प्लॅस्टिकचं टोपण, ते या पिनांवरून त्या पिनांवर. मूळ सेटिंग ३ नंबरचं. अकाउंट्सच्या बाई रोज दुपारी साडेतीनला मोडेम लावायच्या आणि बरोबर साडेतीनला त्यांचा पीसी नेटवर्कवरून गळायचा. आठवडाभर मी ड्रायव्हर बदलत होते. शेवटी लक्षात आलं की मोडेम दुसऱ्या सीरियल पोर्टवर आहे आणि त्या पोर्टची लाइनही ३ च. दोघंही एकच घंटा ओढत होते. टोपण ५ वर सरकवलं, संपलं. तुमच्या पिढीच्या नशिबात हे नाही, पण इंटरप्ट म्हणजे खरोखरची एक तार असायची हे मला तेव्हा हाताला समजलं.

आता तुझा हिशेब. गिगाबिटच्या तारेवर सगळ्यात लहान, ६४ बाइटची पाकिटं धो धो आली तर सेकंदाला १४,८८,०९५ येऊ शकतात. पूर्ण भरलेली, १५०० बाइटचा माल असलेली आली तरी ८१ हजारांवर. प्रत्येकासाठी प्रोसेसरने हातातलं काम ठेवून उठायचं म्हटलं तर तो उठण्या-बसण्यातच संपेल. पाकीट वर पोचवायला वेळच उरणार नाही.

आमच्या गिरगावातल्या चाळीत एरवी दाराला कडी असते. बेल वाजली की उठायचं. गणपतीत पहिल्या दिवशी असं करून बघ. पहिली बेल वाजली, मी उठले, बसते तोवर दुसरी. सासूबाई म्हणायच्या, ‘अगं, दार सताड उघडं टाक आणि बेलचं बटण बंद कर.’ मग दर थोड्या वेळाने उंबऱ्याबाहेर किती चपला दिसतात ते बघायचं, तेवढ्यांना प्रसाद द्यायचा. पण एका दमात किती, यालाही मर्यादा, कारण आत मोदकांचं पातेलं गॅसवर असतं. चपला संपल्या की दार लोटायचं आणि बेल पुन्हा सुरू.

नापी तंतोतंत हेच करतं. कार्ड येणारी पाकिटं स्वतःच मेमरीतल्या एका गोल रांगेत ठेवतं, तिला रिंग म्हणतात, त्या आपल्या चपला. पहिल्या पाकिटाला इंटरप्ट येतो. ड्रायव्हर तो इंटरप्ट तिथेच बंद करतो आणि कर्नलला सांगतो, सवडीने माझी रांग बघ. कर्नल येऊन एका फेरीत साधारण ६४ पाकिटं उचलतो. रांगेत अजून असतील तर परत येतो, मध्ये दुसऱ्यांनाही वेळ देतो. रांग रिकामी झाली की इंटरप्ट पुन्हा चालू. म्हणजे शांत वेळी इंटरप्ट, गर्दीत पोलिंग. पोलिंग वाईट ठरतं ते रिकाम्या दारात जाऊन पुन्हा पुन्हा डोकावण्यामुळे. दारात माणसं आहेत हे आधीच ठाऊक असेल तर डोकावणं फुकट जात नाही. तुमच्या पुस्तकात हा मधला मार्ग वगळलाय, म्हणून तुझा गोंधळ झाला.

वाचायची सुरुवात रिअलटेकच्या ८१३९ च्या ड्रायव्हरने कर. कर्नलच्या सोर्समध्ये त्याचं नाव ‘८१३९टू’ (8139too). फाईल एकच आहे, लहान आहे, आणि चिप इतकी काटकसरी की सगळं उघड्यावर दिसतं. पाठवायला फक्त चार जागा. येणाऱ्या पाकिटांना एकच सलग बफर, म्हणजे मेमरीतली तात्पुरती जागा, त्यातून ड्रायव्हरला प्रत्येक पाकीट स्वतः उचलून दुसरीकडे नकलून ठेवावं लागतं. चांगल्या कार्डांत हे कष्ट वाचवलेत. इथे ते डोळ्यांसमोर होतात, म्हणून शिकायला बरं. आधी इंटरप्टचं फंक्शन शोध, मग पोलचं, आणि बेल कुठल्या ओळीवर बंद होते, कुठल्या ओळीवर चालू होते, ते पेन्सिलीने लिहून काढ. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेचं फॅड सध्या सोड. २०२४ मध्ये कर्नलच्या ६.८ आवृत्तीत नेटवर्कचा एक छोटा ड्रायव्हर रस्टमध्ये आला हे खरं, पण तुला वाचायचंय ते जवळजवळ सगळं सी मध्ये आहे.

कार्ड नसलं तरी अडत नाही, क्यूईएमयू (QEMU) हा सॉफ्टवेअरमध्येच आख्खा कॉम्प्युटर उभा करणारा प्रोग्राम ८१३९ कार्ड हुबेहूब वठवतो, त्यात कर्नल कितीही वेळा पाडलास तरी तुझा लॅपटॉप शाबूत राहील. पण खरं कार्ड हातात घेऊन, चिपवरचा नंबर भिंगातून वाचून बघायचा असेल तर माझ्याकडे दोन पडून आहेत. एकाची पट्टी वाकलीये. हे कार्ड बसवायला पीसीआय स्लॉट असलेला जुना कॉम्प्युटर तुझा तू शोध. दुकान रविवारी बंद, एरवी अकरानंतर कधीही ये.