नागपाड्याच्या मुलींच्या बास्केटबॉल जर्सीत मोहल्ल्याची ओळख कशी आणावी?

तुमचा प्रश्न वाचला. नागपाड्यातल्या मुलींच्या संघासाठी नवी जर्सी करायची आहे, तीत मोहल्ल्याचा इतिहास आणि संस्कृती दिसायला हवी, आणि डोक्यात मशिदीची कमान, शीग कबाब, जुन्या इमारतींचे सज्जे, उर्दू अक्षरं असं सगळं एकदम आलंय. यातलं काय घ्यावं आणि कसं, असं तुम्ही विचारताय.

मी मुंबईत खेळाडूंचे कपडे बनवते आणि कॉलेजात असताना स्वतः बास्केटबॉल खेळायचे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते. कमान नको, कबाब नको, सज्जेही नकोत. ही चित्रं मोहल्ला बघायला येणाऱ्यांच्या नजरेतली आहेत, तिथे राहणाऱ्या मुलींची नाहीत. आणि सिनेमांनी नागपाड्याच्या नावाला जो टोळीवाल्यांचा रंग फासलाय, त्याची तर सावलीसुद्धा पडू देऊ नका. तुमच्याकडे अस्सल म्हणाव्यात अशा दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे खुद्द बास्केटबॉल आणि दुसरी कापड. या दोन्हींना धरून राहा. पण त्याच्याही आधी मोहल्ल्यातल्या जास्तीत जास्त मुली ही जर्सी घालून मैदानात उतरू शकतील एवढं बघा. संस्कृतीचा मान राखायचा तर सुरुवात तिथून होते.

बास्केटबॉल हा नागपाड्यात उपरा खेळ नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी 1920च्या दशकात इथे नागपाडा नेबरहुड हाऊस उभं केलं, आजूबाजूच्या कामगार वस्तीच्या आरोग्यासाठी, शिक्षणासाठी, खेळासाठी. आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस 1936 साली सुरू झाली ती याच ठिकाणी, आणि तिचे पहिले संचालकही मॅन्शार्टच. म्हणजे समाजकार्याचं रीतसर शिक्षण आणि बास्केटबॉल, दोन्ही या एका मोहल्ल्यात शेजारी शेजारी वाढलं. पुढे इथल्याच गुलाम अब्बास मुंतसिर यांनी भारताचं कर्णधारपद भूषवलं, त्यांना 1970चा अर्जुन पुरस्कार मिळाला. बच्चू खान यांचं नाव तर महापालिकेच्या मैदानालाच आहे, आणि मस्तान वायएमसीएचा संघ मुंबईच्या बास्केटबॉलमध्ये कोणाला सांगायला नको.

आता बघा, ही सगळी नावं पुरुषांची आहेत. म्हणून मुलींच्या जर्सीला माझ्या लेखी वेगळं मोल आहे. आजवरच्या अभिमानाची नक्कल छापण्यापेक्षा त्या अभिमानात मुलींचा वाटा आहे हे तिने दाखवलं पाहिजे.

कापडाचं म्हणाल तर मदनपुरा पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर तिथे वसले. आधी हातमाग होते, मग यंत्रमाग आले. चहूबाजूंना भायखळा, आग्रीपाडा, सात रस्ता इथल्या गिरण्या. तुमच्या मुलींपैकी कितीतरी जणींचे आजोबा-पणजोबा मागावर किंवा गिरणीत बसलेले असतील. त्यांना विचारा. कोणाच्या घरी जुनी लुंगी, चादर, एखादा काठाचा तुकडा निघाला तर तो मागून घ्या आणि त्याच्या चौकड्यावरून नक्षी काढा. इंटरनेटवरून तयार ‘इस्लामिक पॅटर्न’ उतरवून घेऊ नका. तो मोरोक्कोचा असेल, इराणचा असेल, मदनपुऱ्याचा नक्कीच नसेल.

हा चौकडा संपूर्ण जर्सीभर पसरू नका. फिबा, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांप्रमाणे शर्टाचा मुख्य रंग पुढून-मागून एकच लागतो आणि शॉर्ट्सही त्याच रंगाची, त्यामुळे नक्षीला जागा मिळते ती बाजूच्या पट्टीत. काखेखालून निघून शॉर्ट्सच्या टोकापर्यंत जाणारी, सहा-सात सेंटीमीटर रुंदीची पट्टी ठेवा. चौकडी कागदावर छान दिसते, पण बारीक ठेवली तर प्रेक्षकांतून नुसता राखाडी डाग दिसतो आणि व्हिडिओत ती थरथरल्यासारखी होते. म्हणून चौकड्याची एकेक रेघ निदान पाच मिलिमीटरची करा, रंग दोनच घ्या. दुसरं, पट्टी स्वतंत्र कापून जोडायला सांगा. नक्षी पुढच्या आणि मागच्या भागावर अर्धी-अर्धी छापली की शिलाईत ती जुळत नाही, आणि मुलीने शॉटसाठी हात वर केला की वाकडी जोडणी अगदी डोळ्यांत भरते.

कल्पना आणि अंगावरची जर्सी यांचा मेळ कसा बसतो (किंवा बसत नाही) ते अमेरिकेतल्या डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या जर्सींत बघण्यासारखं आहे. 2021 मध्ये लीगच्या 25व्या हंगामासाठी नायकीने प्रत्येक संघाला नव्या जर्सी दिल्या, त्यात ‘रेबेल’ नावाची एक मालिका होती. वॉशिंग्टन मिस्टिक्सने त्यात 19वी घटनादुरुस्ती घेतली, म्हणजे 1920 साली अमेरिकी स्त्रियांना मिळालेला मताधिकार. डॅलस विंग्सने दुसऱ्या महायुद्धातल्या स्त्री वैमानिकांना मान दिला. इंडियाना फीव्हरने एका गाजलेल्या टीव्ही मालिकेवरून जर्सी केली, कारण त्या मालिकेतलं काल्पनिक गाव इंडियानातलं. खपाचं मला माहीत नाही, पण माझ्या मनाला पहिल्या दोन भावतात, कारण त्यांत त्या गावच्या, त्या देशाच्या बायकांनी काय केलं ते आहे. तिसरीत फक्त पत्ता जुळतो. तुमच्या कमानीचंही तसंच होईल, पत्ता बरोबर असेल पण माणसं दिसणार नाहीत.

याहून जुनं आणि मला फार जवळचं वाटणारं उदाहरण फिलाडेल्फियाच्या ओरा वॉशिंग्टनचं. जर्मनटाउन नावाच्या जुन्या वस्तीत ती खेळायला लागली, आणि 1930च्या दशकात ‘फिलाडेल्फिया ट्रिब्यून’ या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्राने चालवलेल्या मुलींच्या संघाची ती तारका होती. वस्तीच्या वर्तमानपत्राने आपलं नाव मुलींच्या संघाला दिलं, यापेक्षा मोठा मान कुठला? तिला नेस्मिथ बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली ती 2018 साली, तिच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी. तुमच्या मोहल्ल्यात मुलींच्या पाठीशी उभी राहिलेली एखादी संस्था, शाळा, बेकरी, दुकान असेल, तर प्रायोजकाच्या जागेवर पहिला हक्क त्यांचा. बाहेरच्या बिल्डरचं नाव दुप्पट पैसे देत असलं तरी मी आधी घरचं नाव विचारेन.

आता डोक्यावरच्या कापडाबद्दल. तुम्ही प्रश्नात त्याचा उल्लेखही केला नाहीत, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. संघातल्या काही मुली हिजाब घालत असतील, काही घालत नसतील. अनेक वर्षं फिबाच्या नियमात डोकं झाकायला मनाई होती. 2014च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत कतारच्या मुलींना हिजाब काढून खेळा असं सांगितलं गेलं, तेव्हा त्यांनी मंगोलियाविरुद्धचा सामना सोडून दिला. बिल्किस अब्दुल-कादिर ही अमेरिकन मुलगी तर स्प्रिंगफील्डची, जिथे 1891 मध्ये जेम्स नेस्मिथने या खेळाचा शोध लावला त्याच गावची. शाळेत असताना तिने 3,000हून जास्त गुण करून मॅसॅच्युसेट्स राज्याचा विक्रम मोडला, कॉलेजात हिजाब घालून खेळली, आणि पुढे परदेशात व्यावसायिक खेळायची वेळ आली तेव्हा या नियमाने तिची वाट अडवली. तिच्यासारख्या अनेकींनी आवाज उठवला, आणि ऑक्टोबर 2017 पासून फिबाने परवानगी दिली.

परवानगीला अटी आहेत, त्या डिझाइनच्या दिवशीच समोर ठेवा. डोक्यावरचं कापड एकरंगी हवं. चेहऱ्याचा कुठलाही भाग झाकता कामा नये. चेहऱ्याभोवती किंवा मानेभोवती पिना, बटणं, बंद असं काही चालत नाही, आणि कुठलंही टोक लोंबता कामा नये. संघातल्या सगळ्यांच्या अशा वस्तू एकाच रंगाच्या लागतात. हात आणि पाय झाकणाऱ्या घट्ट स्लीव्हजनाही हेच लागू. शर्टाला बाह्या असतील तर त्या कोपराच्या वर संपायला हव्यात, लांब बाह्यांचा शर्ट चालत नाही, आत टी-शर्टही नाही. म्हणजे ज्या मुलीला पूर्ण अंग झाकायचंय तिच्यासाठी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, त्याखाली हातभर स्लीव्ह, पायात लेगिंग्ज आणि डोक्यावर पिनेशिवाय बसणारं ताणाचं कापड, हे सगळं एकाच संचाचा भाग म्हणून काढा. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून स्पर्धेच्या आयोजकांकडून चालू प्रत मागून घ्या.

माझी कळकळीची विनंती आहे की हिजाबला ‘एक्स्ट्रा’ म्हणून वेगळ्या दुकानातून आणू नका. तो त्याच थानातून कापा, त्याच रंगात रंगवा. कडेला बाजूच्या पट्टीतला चौकडा घ्यायचा मोह होईल, पण रंगाच्या नियमामुळे तो तिथे नको. मी अशा मुलींसाठी कपडे केले आहेत. एकीला सुटा काळा रुमाल आणि बाकीच्यांना चकचकीत निळी जर्सी, असं चित्र झालं की ती मुलगी संघाच्या फोटोत कडेला जाऊन उभी राहते. तोच रंग, तेच कापड मिळालं की मध्ये उभी राहते. आणि हो, हा काही आजचा नवा लाड नाही. 1893 मध्ये अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात शिक्षिका सेंडा बेरेन्सनने कॉलेजातल्या मुलींचा पहिला सामना खेळवला, तेव्हा मुली ब्लूमर्स (ढगळ विजारी) घालून खेळल्या आणि पुरुष प्रेक्षकांना आत प्रवेश नव्हता. मुलींना खेळता यावं म्हणून कपडे आणि रिवाज जुळवून घेणं हे या खेळात पहिल्या दिवसापासून आहे.

कापड 140 ते 160 जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं) डॉट निट, म्हणजे ठिपकेदार विणीचं घ्या. सामन्याच्या वेळापत्रकात पहिलं नाव असलेल्या संघाने फिकट रंग, शक्यतो पांढरा, घालायचा असतो, म्हणून दोन संच लागतात. पांढऱ्या संचासाठी जाड कापड घ्या, कारण घामाने ओलं झालं की पातळ पांढरं कापड आरपार दिसतं आणि मुली सामनाभर शर्ट ओढत राहतात. मुलांच्या मापाची जर्सी ‘स्मॉल’ म्हणून गळ्यात मारणारे पुष्कळ आहेत. तिचा मुंढा (काखेजवळचा बाहीचा घेर) खोल असतो, हात वर केला की आतलं दिसतं. मुंढा उंच, गळा आटोपशीर, आणि छातीला वेगळं माप, हे कारागिराला लिहून द्या.

अक्षरांबद्दल. मोहल्ल्याच्या पाट्यांवर उर्दू, मराठी, इंग्रजी शेजारी शेजारी नांदतात, तेव्हा ‘नागपाडा’ उर्दू आणि देवनागरीत लिहावं हे तुमचं म्हणणं मला आवडलं. मात्र छापखान्यात पाठवण्याआधी मजकूर कर्व्हमध्ये बदला, म्हणजे अक्षरं फाँट न राहता चित्र होतात. नाहीतर त्यांच्या संगणकावर उर्दूची अक्षरं सुटी सुटी होतात, वर डावीकडून उजवीकडे उलटी लागतात, आणि मराठीतली ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. मी अशी छापून आलेली जर्सी पाहिलेली आहे, अख्खा संच वाया गेला होता. त्याहून चांगलं म्हणजे फाँट नकोच. मोहल्ल्यात अजून हाताने पाट्या रंगवणारा कातिब (उर्दू सुलेखन करणारा) किंवा पेंटर मिळाला तर त्याच्याकडून नाव लिहून घ्या, त्याला पैसे द्या, आणि पत्रकात त्याचं नाव छापा.

क्रमांकाला हात लावू नका. पुढे निदान 10 सेंटीमीटर, मागे निदान 20 सेंटीमीटर उंच, रेघ दोन सेंटीमीटरहून बारीक नको, आणि अंक रंगात ठळक उठून दिसला पाहिजे. अंकाच्या पोटात चौकडा भरायची कल्पना सगळ्यांनाच सुचते, पण गुण लिहिणाऱ्या टेबलावरच्या माणसाला तो वाचता येत नाही. आता 0, 00 आणि 1 ते 99 चालतात. पूर्वी फिबाच्या सामन्यांत 4 ते 15 एवढेच होते, कारण पंच बोटांनी क्रमांक दाखवायचे. जुन्या खेळाडूंना त्यांचे क्रमांक विचारा, आणि कुणाला हरकत नसेल तर ते मुलींना द्या. छपाईचा एक पैसा जास्त लागणार नाही.

पूर्ण संच टाकण्याआधी एकच नमुना शिवून घ्या आणि तो तीन वेगवेगळ्या बांध्याच्या मुलींना घालायला लावून अर्धा तास खरा खेळ होऊ द्या, एक तरी हिजाब घालणारी असू द्या. नंतर तो चार वेळा धुवा. रंग, मुंढा, डोक्यावरच्या कापडाची पकड, या तिन्ही गोष्टी त्यात कळतात. मुंढ्याची आणि अंकांची मापं इथे लिहिलीत तर मी बघून सांगेन.