चेहरा स्वच्छ राहावा म्हणून घरी काय बनवावं? आधी ते लिंबू खाली ठेवा

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: वय २२, चेहरा तेलकट, गालांवर आणि हनुवटीवर मुरूम, जिरलेल्या मुरमांचे काळपट डाग. महागड्या क्रीमवर पैसे घालवायचे नाहीत, तर घरच्या नैसर्गिक वस्तूंपासून काय करता येईल? आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, की महिनाभर रोज लिंबू-हळद लावणं चालू आहे.

मला त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करावी लागेल.

मी सांगलीचा. आई दर दिवाळीला घरीच उटणं करते, आणि डाळी वाळवणं, दळून आणणं, चाळणं ही कामं शाळेत असल्यापासून माझ्याकडे. त्यामुळे १९व्या वर्षी चेहरा मुरमांनी भरला तेव्हा मला वाटलं, आपल्याला काय कमी आहे, फडताळ भरलेलं आहे. एप्रिलमध्ये मॅचच्या दिवशी सकाळी लिंबाचा रस आणि खायचा सोडा कालवून गालांना चोळला, वरवर धुतला आणि दिवसभर उन्हात फिल्डिंग केली. संध्याकाळी गाल चुरचुरायला लागले. दोन दिवसांनी डाव्या गालावर पाण्याचे फोड आले आणि ते बसल्यावर रस ओघळला होता त्याच वाटेने एक तपकिरी पट्टा उमटला. गणपती आले तरी तो पट्टा गेला नव्हता.

हे फक्त आंबटपणामुळे होत नाही. लिंबात, विशेषतः सालीत, असे घटक असतात की ते कातडीवर असताना ऊन लागलं तर कातडी अक्षरशः भाजते आणि मागे डाग ठेवते. आंबटपणाचा त्रास वेगळाच. आम्लता मोजायच्या पट्टीवर आपली कातडी साधारण ५ वर असते, लिंबाचा रस २ च्या आसपास. या पट्टीवरची एकेक पायरी दहापटीची, म्हणजे लिंबू कातडीपेक्षा सुमारे हजारपट आंबट. सोडा उलट्या बाजूला, ८ च्या वर. मी दोन्ही एकत्र लावून शहाणपणा केला होता. डाग घालवायला म्हणून लिंबू लावणं म्हणजे डाग पेरणं आहे, निदान आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला तरी. आपल्याकडे कातडी जरा दुखावली की ती जागा आधी काळी पडते.

आता मुरूम मुळात होतो कसा, हे थोडक्यात. कातडीच्या छिद्रातून तेल बाहेर येत असतं. वयात आल्यावर हार्मोन्समुळे ते वाढतं. छिद्राच्या तोंडाशी मृत कातडीचा बुच बसतो, तेल आत साचतं, तिथे आधीपासून राहणारे जंतू वाढतात आणि सूज येते. आज आरशात दिसलेला मुरूम आत कित्येक आठवड्यांपूर्वी सुरू झालेला असतो. म्हणून ‘तीन दिवसांत फरक’ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आणि चांगल्या उपायालाही दीड-दोन महिने दिल्याशिवाय नावं ठेवू नका. दुसरं असं, की हे सगळं छिद्राच्या आत चाललेलं असतं. बेसन, दही, मध तिथवर पोचत नाहीत. घरच्या वस्तूंना जमतं ते एवढंच: वरचं तेल-मळ न ओरबाडता काढणं आणि चिडलेल्या कातडीला गारवा देणं. हे कमी नाही, पण हा उपचार नव्हे. हा फरक मला कळायला पाच वर्षं लागली.

आता बनवायचं काय. पहिलं धुण्याची पूड.

दिवाळीचं उटणं चेहऱ्यावर रोज लावू नका. अभ्यंगस्नानात आधी अंगभर तेल जिरवतात आणि मग ते उतरवायला उटणं लावतात. अंगावर तेलाचा थर असतो म्हणून भरड पूडही चालते. तेलाशिवाय तीच पूड कोरड्या चेहऱ्यावर घासली की बारीक ओरखडे पडतात आणि मुरूम आणखी लाल होतात. शिवाय त्यात नागरमोथा, वाळा, गव्हला, कचोरा असा काष्ठौषधीच्या दुकानातला सगळा मेळा असतो. वास स्वर्गीय, पण चेहऱ्याला नेमकं काय सोसलं नाही ते दहा वस्तूंतून शोधणार कसं?

चेहऱ्यासाठी मी तीनच गोष्टी घेतो. सालं काढलेली मसूर डाळ पुसून, उन्हात खडखडीत वाळवून मिक्सरमधून काढायची. साधे ओट्स (मसाल्याचे नव्हेत!) तसेच बारीक करायचे. आणि मुलतानी माती. प्रमाण चार चमचे मसूर, दोन चमचे ओट्स, एक चमचा माती. मग खरी मेहनत: वस्त्रगाळ करणं. पिठाच्या चाळणीने भागत नाही. जुन्या मऊ सुती ओढणीतून किंवा धोतराच्या तुकड्यातून पूड गाळायची, खाली पडते तीच घ्यायची. दोन बोटांत धरल्यावर टाल्कम पावडरीसारखी लागली पाहिजे. कपड्यात उरलेली भरड पाठीला, कोपरांना वापरा, तिथे चालते.

आई म्हणते मसुराऐवजी बेसन घे. घ्या, फार फरक नाही. ओट्सचं मात्र मी सोडत नाही. बारीक दळलेल्या ओट्सला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३ साली कातडीचं रक्षण करणारा घटक म्हणून मान्यता दिली. घरगुती वस्तूंपैकी एवढी पावती फार थोड्यांकडे आहे.

वापरताना चमचाभर पूड ओल्या तळहातावर घेऊन पातळ करा, अर्धा मिनिट हलक्या बोटांनी फिरवा, साध्या पाण्याने धुवा. घासायचं नाही. रात्री एकदा पुरे. सकाळी नुसतं पाणी चालतं. पूड कोरड्या काचेच्या बरणीत दोन महिने राहते, पण ओला चमचा घालायचा नाही. पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतीच करा, नाहीतर टोके होतात. एकदा मी न बघता टोक्यांसकट चेहऱ्याला लावली होती. नैसर्गिक म्हणजे किती नैसर्गिक!

दुसरी कोरफड, आणि हिच्यात बहुतेक जण एक चूक करतात. पान कापलं की लगेच गर काढून लावतात. कापल्यावर सालीखालून पिवळा, कडू चीक गळतो. तोच अनेकांना खाजवतो, आणि लोक म्हणतात मला कोरफड सोसत नाही. जाड, बाहेरचं पान बुडापासून कापा, कापलेली बाजू खाली करून वाटीत पंधरा-वीस मिनिटं उभं ठेवा, धुवा, कडेचे काटे आणि साल जाडसर काढून फक्त पारदर्शक गर घ्या, तोही एकदा धुवून. धुतलेल्या चेहऱ्यावर पातळ थर, वीस मिनिटांनी धुवा. उरलेला गर फ्रीजमध्ये दोन दिवस ठीक, त्यापुढे टाकून द्या, किंवा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. एक तुकडा रुमालात गुंडाळून सुजलेल्या पुळीवर मिनिटभर धरला की ठणका कमी होतो. फोडण्याचा मोह आवरायला हातात काहीतरी असणं हाही फायदाच.

तिसरं मुलतानी मातीचा लेप, आठवड्यातून एकदाच. दोन चमचे माती गुलाबपाण्यात किंवा ताकात कालवा. ताकातलं आम्ल सौम्य असतं. लेप पूर्ण सुकून भेगा पडेपर्यंत बसू नका. ‘ताणलं की समजायचं काम करतंय’ असं आमची आत्या सांगायची, पण ताणतं तेव्हा तो कातडीतलं पाणी ओढत असतो. कडा फिक्या पडायला लागल्या, आठ-दहा मिनिटं झाली, की धुवा.

एक नियम तिन्हींना लागू: जिथे पाणी आलं तिथे जंतू आले. बाजारातल्या क्रीममध्ये ती टिकावी म्हणून काही घातलेलं असतं. आपण ‘केमिकल नको’ म्हणतो आणि मग घरी केलेलं काकडी-गुलाबपाण्याचं टोनर महिनाभर वापरतो. चौथ्या दिवशी त्या बाटलीत काय वाढत असेल ते नाश्त्याच्या वेळी सांगत नाही. कोरडं साठवा, ओलं रोजच्या रोज करा. आणि काहीही नवीन असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट बघा.

हळदीबद्दल मी जरा हळवा आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आमच्याकडे हळकुंडाचा भाव पेपरात आधी वाचतात. पण चेहऱ्यावर रोज हळद लावायचं काही कारण नाही. तिचा पिवळेपणा तेलकट कातडीत अडकतो, उशीचे अभ्रे जातात, आणि काहींना तिची चक्क ॲलर्जी असते. लावायचीच असेल तर लेपात चिमूटभर, तीही घरी हळकुंड आणून दळलेली. सुट्या पुडीत आणि चकचकीत हळकुंडांवर रंग उठून दिसावा म्हणून शिशाचं पिवळं रसायन चढवल्याचे प्रकार उघडकीला आलेले आहेत. फार झळझळीत पिवळं दिसलं की मी तरी घेत नाही.

बाकीचे उपाय भराभर निकालात काढतो. टूथपेस्ट: भाजते. लसूण: त्याहून भाजते. दालचिनी-मध: दालचिनी वगळा. अक्रोडाचा किंवा साखरेचा स्क्रब: नको. अंड्याचा पांढरा बलक: ऑम्लेट करा. खोबरेल तेल: अंगाला उत्तम, पण मुरूम असलेल्या चेहऱ्याला नाही, ते छिद्रं बुजवतं. डोक्याला रात्री तेल चोपडून झोपत असाल आणि कपाळावर बारीक पुळ्या असतील, तर महिनाभर रात्रीचं तेल बंद करून बघा. न्हाण्याआधी तासभर लावून धुवून टाका. माझं कपाळ कुठल्याही लेपाने सुधारलं नाही, ते एवढ्याने सुधारलं. आजी मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिली की केस कोरडे पडून डोकं तापेल.

घरी न बनवायची एक गोष्ट म्हणजे सनस्क्रीन. झिंकची पूड आणून तेलात कालवायचे व्हिडिओ बघितलेत, पण पूड सारखी पसरत नाही, गुठळ्यांमधून ऊन आत जातं. जिरलेल्या मुरमांचे डाग आपोआप फिके होतात, मात्र काही महिने घेतात, आणि रोज ऊन खाल्लं तर जागचे हलत नाहीत. म्हणून वाचवलेल्या पैशातून एक साधी, तेलकट नसलेली, एसपीएफ ३० ची ट्यूब घ्या. डागांसाठी एवढा खर्च करा, बाकी लेप वगैरे फुकटात.

आता दुसरी चूक, जी लिंबापेक्षा महाग पडली. घरच्या उपायांना कंटाळून मी ओळखीच्या मेडिकल दुकानातून ‘चेहऱ्याला काहीतरी द्या’ म्हणून एक ट्यूब आणली. आठ दिवसांत चेहरा गुळगुळीत, उजळ. मित्र विचारायला लागले. दोन महिन्यांनी थांबवली तर आधीच्या दुप्पट मुरूम आणि उन्हात गेलं की चेहरा लालभडक. त्यात स्टेरॉइड होतं. अशी स्टेरॉइडची क्रीमं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळावीत असा नियम सरकारने २०१८ मध्ये कडक केला. तरी ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं काही दिसलं, तर स्वतःच्या मनाने चेहऱ्याला लावू नका. आधीच लावत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना विचारा. ‘घरगुती आयुर्वेदिक’ म्हणून बिननावाच्या डबीत मिळणाऱ्या गोरं करणाऱ्या क्रीमपासूनही लांब राहा. लेबलच नसेल तर आत काय आहे हे कोणाला विचारणार?

दोन महिने धुण्याची पूड, गरजेपुरती कोरफड, सनस्क्रीन एवढंच करून बघा. तुरळक मुरूम असतील तर बऱ्याचदा यावर भागतं, कारण अर्धी आग आपणच चोळून लावलेली असते. पण गाठीसारखे दुखणारे मुरूम असतील, खड्डे पडत असतील, किंवा हनुवटीवरच्या मुरमांबरोबर पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस वाढत असतील, तर दोन महिनेही थांबू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. मला शेवटी बरं केलं ते रात्री लावायच्या ॲडापलीन नावाच्या मुरमांवरच्या औषधाने. मटाराच्या दाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्याला मिळून. पहिले तीन आठवडे चेहरा आणखी बिघडला, मग हळूहळू निवळला. गरोदरपणात ते चालत नाही, म्हणून विचारूनच. तपासणीची फी धरूनसुद्धा माझा खर्च आधीच्या पाच वर्षांच्या प्रयोगांपेक्षा कमी झाला. त्या प्रयोगांतला मध तेवढा आठवून बघा.

डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न विचारला होता, ‘आत्तापर्यंत काय काय लावलंय?’ मी बोटांवर मोजायला लागलो. दोन्ही हात संपल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, ‘आता महिनाभर फक्त पाणी, आणि मग बोलू.’