सिस्टरला ‘नाही’ कसं म्हणू?

ताई, मी मूळची सांगलीची. लग्नानंतर अमेरिकेत, युटा राज्यातल्या लीहायला राहते. नवरा सकाळी ऑफिसला जातो आणि माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नाही. गेल्या थंडीत दोन मॉर्मन सिस्टर, म्हणजे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या धर्मप्रचारक मुली, दारात आल्या. त्यांतली एक वीस वर्षांची, आयडाहोची. मी तिला पोहे शिकवले, तिच्यामुळे माझी इंग्रजी बोलायची भीती गेली. त्या दर आठवड्याला येतात, त्यांचं पुस्तक वाचतात, प्रार्थना करतात. चर्चलाही मी जाऊन आले. मग एकदा तिने डोळ्यांत पाणी आणून विचारलं, बाप्तिस्मा घेशील का? माझ्या तोंडून ‘हो’ गेलं. आता तारीख ठरली आहे. तिचं मिशन, म्हणजे धर्मप्रचाराचं काम, संपत आलंय आणि आजवर तिच्यामुळे कुणीच बाप्तिस्मा घेतलेला नाही. मी अजून रोज गणपतीपुढे दिवा लावते. त्या यायच्या आधी चहाचा डबा कपाटात टाकते. नवऱ्याला तारखेचं काहीच माहीत नाही. तिचं मन कसं मोडू?
– स., लीहाय

प्रिय स.,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. ‘मला हे पटलंय’ असं एक वाक्य कुठे सापडतंय का ते बघत होते. नाही सापडलं. ‘तिला काय वाटेल’ मात्र ओळीओळीत आहे. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते हेच. लग्नात नको असलेला तिसरा लाडू भिडेपोटी खाल्ला तर फार तर पोट बिघडतं. इथे तू एका धर्माला शब्द देऊन बसली आहेस.

आधी त्या मुलीचं बघू, कारण तुझा जीव तिच्यातच अडकलाय. या चर्चच्या मुली मिशनवर दीड वर्षासाठी जातात, मुलगे दोन वर्षांसाठी. पगार नसतो. उलट महिन्याला ४०० डॉलर त्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी भरायचे. कुठे जायचं हे चर्च ठरवतं. जोडीदारीण सतत बरोबर, एकटीने फिरायचं नाही, कुणाबरोबर डेटिंग नाही. घरी आठवड्यातून एकदा फोन करता येतो, तोही २०१९ पासून. त्याआधी आईचा आवाज वर्षातून दोनदाच ऐकायला मिळायचा, नाताळला आणि मदर्स डेला. दिवसभर दारं वाजवायची आणि बहुतेक दारं तोंडावर बंद होताना बघायची. अशा मुलीला तुझ्या घरी गरम पोहे मिळाले आणि ऐकून घेणारं माणूस मिळालं. तिचे अश्रू खरेच असणार, मला त्याबद्दल शंका नाही. पण मिशन सफल झालं की नाही, हा हिशोब तिचा आहे. तो तू तुझ्या सहीने पुरा करायचा नाहीस.

आणि तिचा धर्मही तुझ्याकडून हे मागत नाही. बाप्तिस्म्याआधी मुलाखत होते, ती तुला न शिकवलेला दुसराच मिशनरी घेतो. तो विचारेल: जोसेफ स्मिथ या संदेष्ट्याकरवी येशूचं चर्च पृथ्वीवर पुन्हा स्थापन झालं, असं तू मानतेस का? उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला देशील का? दारू, तंबाखू, चहा, कॉफी सोडशील का? चहाचं तू बघून घेशील, पण पहिल्या प्रश्नाला काय सांगणार? गणपतीपुढे दिवा लावून झाल्यावर त्याच तोंडाने ‘हो’ म्हणणार? आणि दहावा हिस्सा कुठून देणार? घरात पगार एकट्या नवऱ्याचा.

त्याच्याविषयी तू एक ओळ लिहून पुढे गेलीस, तिथेच मी अडले. विवाहित माणसाला जोडीदाराच्या संमतीशिवाय बाप्तिस्मा द्यायचा नाही, असा त्या चर्चचाच नियम आहे. म्हणजे त्याला कळणारच. तुझ्याकडून कळेल की दुसऱ्या कुणाकडून, एवढंच ठरायचंय. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर काय कोसळलं, हे मराठी वाचकाला मी सांगायला नको. पुढे लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या, पण काही वर्षांनी, स्वतःला पटल्यावर. एवढा प्रेमाचा नवरा, तरी त्याच्यासाठी म्हणून त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. तू वीस वर्षांच्या पाहुणीसाठी घ्यायला निघालीस!

तेव्हा तारीख मोड. मेसेजवर नको, पुढच्या भेटीत समोर बसवून सांग. ‘तब्येत बरी नाही’, ‘सासूबाई येणार आहेत’ असल्या सबबी काढू नकोस. सबब दिलीस की तारीख पुढे सरकेल आणि तू पुन्हा तिथेच अडकशील. साधं बोल: ‘मी हो म्हटलं ते तुला वाईट वाटू नये म्हणून. माझा या गोष्टींवर विश्वास नाही. तू मात्र मला हवी आहेस.’ ती रडेल. रडू दे. तिची जोडीदारीण कदाचित प्रार्थना करून पुन्हा विचार करायला सांगेल, ते त्यांच्या शिकवणीतच आहे. त्यावर ‘वाटलं तर मीच कळवीन’ म्हण आणि चहा टाक, स्वतःपुरता.

मैत्री तुटेल ही भीती तू लिहिली नाहीस, पण आहे. खरं सांगू? ‘हो’ म्हणूनही ती मुलगी तुझ्याजवळ राहणार नव्हती. मिशनऱ्यांच्या बदल्या साधारण दर सहा आठवड्यांनी ठरतात, आणि हिचं तर मिशनच संपतंय. पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देण्याचा अधिकारही त्या चर्चमध्ये पुरुषांनाच, त्यामुळे पाण्यात तुझा हात कुणा दुसऱ्याच्याच हातात असता. ती फार तर साक्षीदार म्हणून काठाशी उभी राहिली असती. घरी गेल्यावर ती नावाचा काळा बिल्ला काढून ठेवेल आणि कॉलेजात जाणारी साधी मुलगी होईल. मग फोनला आठवड्याचं बंधन नाही आणि कुणाला वळवायचं कामही नाही. मला तर वाटतं, तुमची खरी मैत्री तेव्हाच सुरू होईल.

रविवारी चर्चला जावंसं वाटलं तर खुशाल जा, बाहेरच्यांना तिथे मज्जाव नाही. तुझ्या घरापासून गाडीने फार लांब नाही, त्या स्पॅनिश फोर्कच्या राधाकृष्ण मंदिरात दर वसंतात होळी होते. तिथे रंगात न्हाणाऱ्या गर्दीत मॉर्मन कॉलेजांतली पोरं ढिगाने असतात. ‘हरे कृष्ण’ म्हणत नाचतात आणि रविवारी आपापल्या चर्चमध्ये जाऊन बसतात. त्यांना कुणी धर्म बदलायला लावत नाही. साउथ जॉर्डनला गणपतीचं देऊळही आहे. गेली नसशील तर जा, तिथे मराठी कानावर पडायचीही शक्यता आहे. एका सिस्टरवर सगळा एकटेपणा टाकलास म्हणून तिला ‘नाही’ म्हणणं एवढं जड झालं.

पण हे सगळं नंतर. आज रात्री जेवणं झाली की आधी नवऱ्याला सांग, तारखेसकट. तो चिडला तर मला पुन्हा लिही.

– तुझी ताई